हाक मारली की सगळ्याच वळतात

या गोष्टीतल्या बायकांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर वाचणाऱ्यांपैकी चार जणी तरी "अय्या, माझंच" म्हणून पुस्तक मिटतील, बहिणीला फोन लावतील, आणि गोष्ट राहील बाजूला. एवढंच समजा की नाव साधं आहे, गोड आहे, आणि त्या शहरात इतकं उदंड आहे की गर्दीत खडा टाकला तर याच नावाच्या बाईला लागावा.

या नावाच्या बायकांचं एक मंडळ होतं. जमायचं एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे एकमेकींना नावानं हाक मारायची सोय नव्हती, मारली की अख्खी खोली वळायची. म्हणून धंद्यावरून नावं पडली: दातवाली, बसवाली, गणितवाली, बेकरीवाली. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश. त्यांना न्यायाधीशबाईच म्हणत, कारण कोर्टवाली म्हणायची कुणाची छाती नव्हती. आडनावं दाराशी ठेवायची, ओल्या छत्र्यांबरोबर, हा मंडळाचा पहिला नियम. "आडनाव आलं की घराणं आलं, घराणं आलं की भांडण आलं," असं न्यायाधीशबाई म्हणत, आणि त्यांनी आयुष्यभर दुसरं काही ऐकलंच नव्हतं. हा नियम सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की बाहेरसुद्धा आडनाव सांगायचं विसरायच्या. हे ध्यानात ठेवा, पुढे याच्यावरूनच घोळ होणार आहे.

भिंतीवर याच नावाच्या नामवंत बायकांचे फोटो होते. एक राणी होती, लढाया हरली पण रुबाब नाही हरली. एक सर्जन, एक वैमानिक, एक आयुष्यभर मधमाश्यांच्या मागे धावलेली शास्त्रज्ञ. आणि एक ठकबाई, जिनं एकच पूल दोघांना विकला होता. तिच्या फोटोवरून मंडळात नुसतं रण माजलं.

"नामवंत म्हणजे सज्जनच, असं कुठे लिहिलंय?" बसवालीनं विचारलं.

"हिला मी स्वतः आत पाठवली आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यावर तिचा फोटो नको."

शेवटी तडजोड झाली. ठकबाईला खोलीबाहेर काढून लिफ्टच्या दाराशेजारी लटकवलं. फोटो टांगताना एक खिळा हातातून निसटला, तो कुणी शोधला नाही. एका खिळ्यासाठी कोण खाली वाकणार?

मंडळाची चिटणीस होती चष्मेवाली. बाजारपेठेत तिचं चिंचोळं दुकान होतं. दिवसभर ती लोकांच्या नाकावर काड्या बसवायची आणि "आता वाचा खालची ओळ" म्हणायची. बाई कामाला चोख, स्वभावानं भित्री. सगळ्यात जास्त भीती पाण्याची. टबात पाय सोडायचा म्हटलं तरी तिची पाचावर धारण बसायची. आता दुसरी कुणी असती तर याचं काही नव्हतं हो, पण चष्मेवालीचं नाव ठेवलं होतं एका पोहणारीवरून. साध्यासुध्या नाही, समुद्र पार करून पलीकडच्या देशाला हात लावून आलेल्या.

आई तिला लहानपणापासून सांगत आली होती, "ती बाई किनाऱ्याला लागली आणि तू जन्माला आलीस. मी म्हटलं, संपलं, हेच नाव." आईची गोष्ट कुणी तारखा लावून तपासतं का? चष्मेवालीनंही तपासली नाही. ती गोष्ट तिला आवडायची आणि टोचायचीही. दादा तर टपूनच बसलेला असायचा. ही पाण्याला घाबरून किंचाळली की म्हणायचा, "नाव मोठं, लक्षण खोटं." ती हसायची. आता चाळिशी उलटल्यावरही हसायची, पण ते वाक्य पायात रुतलेल्या काट्यासारखं आतच राहिलं होतं.

त्यात एक दिवस पोहणारीचा होकार आला. मंडळाच्या वार्षिक समारंभाला मी येते म्हणून. चष्मेवाली दुकानात एकटीच नाचली. गिऱ्हाइकानं बघितलं, पण त्याचा चष्मा हिच्या हातात होता, म्हणून त्याला ते धूसरच दिसलं. तिला एकच गोष्ट हवी होती. आईनं पहिल्या रांगेत बसावं आणि त्या बाईनं आईचा हात हातात घ्यावा. आपल्या हातून नावाला साजेसं काही झालं नाही, निदान ज्या माउलीनं एवढ्या हौसेनं ते नाव ठेवलं, तिला तरी त्याचं फळ मिळावं. आई ऐंशीच्या पुढची. आज आहे, पुढच्या समारंभाला असेल की नाही कुणी सांगावं.

आणि समारंभाच्या आदल्या दिवशी लिफ्ट बंद पडली.

आईच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता, ती चाकाच्या खुर्चीतून हिंडायची. खुर्चीसकट उचलून नेऊ, असं दातवाली आणि बेकरीवाली म्हणाल्या. आईनं दोघींकडे असं बघितलं की दोघींनी हात मागे घेतले. "मी काय कपाट आहे?" आई म्हणाली. "लिफ्ट चालू झाली तर येईन. नाहीतर इथे खाली बसून टाळ्या वाजवीन."

इमारतीचा मॅनेजर म्हणाला, "काळजी करू नका ताई. कंपनीतून लिफ्टवाली बाई येतेय उद्या दुपारच्या गाडीनं. मी स्वतः आणायला जातो." पोहणारीही त्याच गाडीनं येणार होती. चष्मेवालीला वाटलं, चला, योग जुळला. योग असा जुळला की काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ती आणि बसवाली स्टेशनच्या पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या. हातात पाटी, पाटीवर वळणदार अक्षरात ते नाव. फक्त नाव. आडनाव लिहायचं दोघींच्या डोक्यातही आलं नाही. त्यात अडचण अशी, की पोहणारीला कोरडी कुणी पाहिलीच नव्हती. चष्मेवालीच्या दुकानात टांगलेल्या फोटोत ती टोपी, काळा गॉगल आणि थंडी लागू नये म्हणून अंगभर चोपडलेली चरबी अशा थाटात होती, तोही फोटो कित्येक वर्षांपूर्वीचा.

गर्दीतून साठीची एक बाई आली. आखूड केस, रुंद खांदे, एका खांद्यावर जाड कापडाची पिशवी. पाटीसमोर थांबली, हसली, म्हणाली, "मीच ती."

"खांद्यांवरूनच ओळखलं," चष्मेवाली म्हणाली.

"कामानं झालेत खांदे," बाई म्हणाली.

बसवाली पिशवी घ्यायला गेली आणि अर्धी वाकली. "यात काय आहे हो?"

"माझं सामान. याच्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही."

"व्यायामाची वजनं असणार," बसवाली चष्मेवालीच्या कानात म्हणाली. "या वयात. बघ, शिक काहीतरी."

नेमक्या त्याच वेळी मागच्या दाराशी मॅनेजर पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन उभा होता. कंपनीनं त्याला बाईचं पहिलं नाव तेवढं कळवलं होतं. कुठलं, ते मी सांगायला हवं का? त्याच्यापुढेही एक साठीची, आखूड केसांची, रुंद खांद्यांची बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मीच ती."

"चला चला," मॅनेजर म्हणाला, "लोक खोळंबलेत. लिफ्ट तुमचीच वाट बघतेय."

त्या बाईला यात नवल वाटलं नाही, हे तुम्ही समजून घ्या. समुद्र पार केल्यापासून लोकांनी तिच्याकडून काय काय उघडून घेतलं होतं! दुकानं उघडली, पूल उघडले, एकदा तर एका गृहस्थाचं नवं फाटक उघडलं. लिफ्टचं उद्घाटन राहिलं होतं, ते आज, असं समजून ती निमूट गाडीत बसली.

इकडे चष्मेवालीची पाहुणी इमारतीत शिरली ती थेट लिफ्टकडेच वळली. शेजारीच खुर्चीत आई बसली होती, मांडीवर पर्स, केस नीट चापून बसवलेले.

"ही बंद आहे ना?" बाई म्हणाली. "मग मी आधी हिला बघते."

"छे छे, तुम्ही कशाला?" न्यायाधीशबाई जिन्यातून उतरत म्हणाल्या. "लिफ्टसाठी दुसरी बाई येतेय. तुम्ही वर चला."

"दुसरी?" बाईचा चेहरा उतरला. पण तेवढ्यात तिला हाताला धरून वर नेलंसुद्धा. चष्मेवालीला आईशी पाहुणीची ओळखही करून देता आली नाही.

"आई, लिफ्ट झाली की लगेच येते तुला न्यायला."

"जा तू," आई म्हणाली. "मी कुठे पळून जातेय?"

वर बाईनं खोलीभर फुलं बघितली, भिंतीएवढ्या कापडावर आपलं नाव बघितलं, उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या बायका बघितल्या, आणि तिचे डोळे भरून आले. ती पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होती. कंपनीतल्या साहेबांनी गुपचूप निरोप समारंभ ठरवला, लिफ्टचं निव्वळ निमित्त केलं, आणि दुसरी बाई म्हणजे आपल्या जागेवर येणारी नवी, हे सगळं तिच्या डोक्यात एका झटक्यात जुळलं. ती भाषणाला उभी राहिली.

"लोक म्हणायचे, हे बाईचं काम नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, काम काय विचारतं का, बाई आहेस की बुवा? पहिल्या दिवशी घाबरले. खाली अंधार, वर अंधार, मध्ये मी एकटी. पण एकदा ठरवलं की खाली बघायचं नाही, तर भीती जाते."

बायका रडायला लागल्या. गणितवालीनं तर बेकरीवालीच्या खांद्यावर मान टाकली. चष्मेवालीचं मात्र अर्धं चित्त खाली होतं. हे सगळं आईनं ऐकायला हवं होतं. तिच्यासाठी तर केलं होतं. आणि आई एकटी बसलीय, बंद दाराकडे बघत. तिला राहवेना. "दोराला लटकून मी रात्री काढल्यात," असं पाहुणी म्हणत होती, तेव्हा समुद्रात दोर कसला, हा प्रश्न चष्मेवालीच्या मनात आला खरा. पण तो तसाच सोडून ती हळूच बाहेर पडली आणि जिना उतरायला लागली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर तिला आईचा आवाज ऐकू आला, म्हणून ती थांबली. कठड्यावरून वाकून बघितलं, तर आईजवळ पायरीवर एक बाई बसली होती. आईचा हात तिच्या हातात. लिफ्टवाली आली वाटतं, चष्मेवालीला वाटलं. मॅनेजर बिचारा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाजूला ताटकळत होता.

"तुम्हाला म्हणून सांगते," आई म्हणत होती, "तुम्ही परक्या, उद्या जाल तुमच्या गावाला. माझ्या लेकीला सांगू नका. मी तिचं नाव काही त्या पोहणारीवरून ठेवलं नाही."

चष्मेवाली तिथेच पायरीवर बसली.

"मग?" पायरीवरच्या बाईनं विचारलं.

"तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मला दिवस गेलेले. मी रोज खिडकीत उभी राहून एकेक नाव खाली गल्लीत फेकून बघायची. पोरं खेळायला जातात, त्यांना जेवायला वरून हाक मारायची असते. नाव टोकापर्यंत पोचायला नको? काही नावं दुसऱ्या मजल्यावरच दमायची. काही ऐकून कुत्री भुंकायची. मग एक दिवस हे नाव टाकलं, आणि खालून जाणाऱ्या एका बाईनं वर बघितलं. कोण, कुठली, देव जाणे, हातात भाजीची पिशवी. मला म्हणाली, 'आले!' आणि आपली चूक कळल्यावर अशी हसली की मीसुद्धा पोट धरून हसले. पोटातलं पोरगंही हललं. मी म्हटलं, हेच."

"आणि पोहणारी?"

"ती नंतर. पोरगी रांगायला लागली होती तेव्हा पेपरात आलं. पुढे शाळेतून रडत आली. सगळ्यांची नावं कुणा ना कुणा थोरामोठ्यांवरून, माझंच कुणाचं नाही. मी काय सांगू, भाजीच्या पिशवीवालीवरून ठेवलं? दिलं ठोकून. मला काय माहीत, ती आयुष्यभर ते ओझं वाहील. घाबरट आहे ना पाण्याला. तिला वाटतं, तिनं नाव बुडवलं. मला कळतं हो सगळं, पण आता कुठल्या तोंडानं सांगू?"

चष्मेवाली पायरीवर बसून राहिली. आधी तिला राग आला. मग दादाचं ते वाक्य आठवलं. मग डोळ्यांपुढे आली खिडकीतून गल्लीत नावं फेकणारी, पोट पुढे आलेली तरुण आई आणि भुंकणारी कुत्री, आणि तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून ती हसत होती आणि रडत होती. इतक्या वर्षांचा काटा निघाला होता. कुठलाही समुद्र तिच्या नावावर नव्हता. हाकेला ओ द्यायची, एवढंच त्या नावाचं काम होतं, आणि त्यात ती कधी चुकली नव्हती.

"पोचतं का खरंच टोकापर्यंत?" पायरीवरच्या बाईनं विचारलं.

"बघायचंय?" आई म्हणाली. तिनं खुर्चीत ताठ होऊन मान वर केली, आणि लेकीला बोलवायला जिन्यात ते नाव असं फेकलं की कठडे थरारले.

"आले!" चष्मेवाली म्हणाली.

"आले!" पायरीवरची बाई म्हणाली.

"आले!" असं तिसऱ्या मजल्यावरून अख्खं मंडळ ओरडलं, आणि खुर्च्या सरकल्याचा गडगडाट झाला. ऐंशी ओलांडलेल्या आईचा आवाज, काही झालं असेल तर? दातवाली, बेकरीवाली, न्यायाधीशबाई, आणि सगळ्यांच्या पुढे भाषण अर्धवट टाकलेली पाहुणी, अशी सगळी वरात जिना उतरून आली. पाहुणीचं भाषण तसंही अडलंच होतं, बसवालीनं नंतर सांगितलं. "एकदा मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकले," असं ती म्हणाली आणि न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं होतं, "समुद्रात मजले?"

खाली येऊन पाहुणीनं मॅनेजरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर बघितला. मॅनेजरनं पाहुणीची पिशवी बघितली. "म्हणजे लिफ्टवाली तुम्ही?" तो म्हणाला. मग पायरीवरच्या बाईकडे वळला. "आणि तुम्ही कोण?"

"मी पोहते," ती बाई म्हणाली. "मघापासून सांगतेय, फीत कुठे आहे, फीत कुठे आहे, तर तुम्ही माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर देताय."

न्यायाधीशबाईंनी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, सगळं मंडळ जिच्यासाठी वर जमलं होतं ती आईचा हात धरून तळमजल्यावर बसली होती. पहिल्यांदा आई हसली. मग हसण्याची अशी साथ पसरली की गणितवालीला भिंतीचा आधार घ्यावा लागला. फक्त लिफ्टवालीच हसली नाही. तिच्या हातात फुलं होती, ती तिनं न्यायाधीशबाईंपुढे धरली. "मग ही माझी नाहीत," ती म्हणाली.

"तुमचं नाव काय?" न्यायाधीशबाईंनी कडक आवाजात विचारलं.

तिनं सांगितलं.

"मग कापडावर काय लिहिलंय? तेच ना? फुलं तुमचीच. हा निकाल समजा. यावर अपील नाही."

हसता हसता आईचा मात्र चेहरा पडला. तिला आता समजलं होतं, आपण आपलं गुपित नेमकं कुणाला सांगून बसलो, आणि लेकही जिन्यातच उभी होती. ती काही बोलायच्या आत चष्मेवाली येऊन तिच्या खुर्चीशी बसली.

"ऐकलंस?" आईनं विचारलं.

"ऐकलं. एवढी वर्षं का लपवलंस गं? किती छान गोष्ट आहे."

आईनं तिच्या गालावर एक चापटी मारली आणि तोच गाल कुरवाळला.

लिफ्टवालीनं सगळ्यांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाऊन दाराच्या खाचेत हात घातला आणि एक खिळा काढून दाखवला. सगळ्यांनी वर बघितलं. ठकबाई फोटोतून हसत होती. "आत बसून इमारतसुद्धा बंद पाडली," बसवाली कौतुकानं म्हणाली, आणि न्यायाधीशबाईंनी फोटोकडे पाठ केली.

लिफ्ट सुरू झाली. आईला वर न्यायला सगळ्या पुन्हा खाली आल्या, तेव्हा पोहणारी जवळ आली. "एक मागू का तुमच्याकडे?" ती आईला म्हणाली. "मला सगळे मॅडम म्हणतात. नाव कमानीवर असतं, पाटीवर असतं. पण हाक मारणारं माझ्या घरी आता कुणी राहिलं नाही. आई गेली, मोठी बहीण गेली. वर खिडकीत जाऊन मला एकदा जेवायला बोलवता का? मी खाली उभी राहते."

न्यायाधीशबाईंनी घसा साफ करून सगळ्यांना बजावलं, की या हाकेला दुसऱ्या कुणीही ओ द्यायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पोहणारी रस्त्यावर गेली, गल्लीच्या पार टोकाला, आणि पाठ करून उभी राहिली. सोबतीला म्हणून चष्मेवाली तिच्या शेजारी.

वर खिडकी उघडली. आईनं श्वास घेतला आणि हाक मारली. नाव घरांवरून, दुकानांवरून, सायकलींवरून गेलं, आणि कुठेही न दमता टोकाला पोचलं.

पोहणारीनं ओ द्यायला तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती नुसती उभी राहिली, तिचे रुंद खांदे हलत होते. वर आई वाट बघत होती. चष्मेवालीनं तिचा हात घट्ट धरला आणि दोघींच्या वतीनं ओरडली, "आलो गं, आई!"